घोडीचा रकाना

मऱ्हळच्या माळावर पोचलो तेव्हा
गारा विरघळून गेल्या होत्या.
पुरावा म्हणून एक गार सगुणा बिडगरने
दुधाच्या किटलीत ठेवली होती,
तिचंही पाणी झालेलं.
झाकण काढून तिने मला ते दाखवलं.
मी पंचनाम्यात घेतलं नाही.

मेंढ्या एकसष्ट.
काढलेल्या कांद्याच्या रानात, दिवस बुडताना
नुकत्याच बसवलेल्या.
वाघर तशीच ताठ, एकही खुंटी उपटलेली नाही.
एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून
जागच्या जागी गेल्या,
मेंढ्या जातात तशा.

कोतवालाने पाटी धरली: नाव, गट नंबर, तारीख.
मोबाईल उंच धरून मी रेंज शोधत फिरलो.
फोटोवर अक्षांश-रेखांश उमटले पाहिजेत, नाहीतर
मेंढी कुठंच मेलेली नसते.

राहणार साकोरा, तालुका नांदगाव.
मयत, तालुका सिन्नर.
तलाठी म्हणाला, हे इथंच अडणार.
सगुणाचा दीर तंबाखू मळता मळता म्हणाला,
"आम्ही नाही अडत तालुक्याला,
कागदालाच काय होतंय?"

मग ते सांगावं लागलं.
लहान जनावरं, एका कुटुंबाला तीस.
वरची एकतीस कागदावर मावत नाहीत.
"कोणत्या तीस?"
कोणत्याही, मी म्हणालो, दर सारखाच आहे.
ती तोवर उठली होती.

ही घ्या, बांडी, हिला दोनदा जुळं झालं.
ही घ्या, कानफाटी.
ही काळ्या तोंडाची, हिची आईपण घ्या, ती बघा तिकडं.
ही नको.
ही मागच्या साली माझ्यामागं
घोटीपर्यंत लंगडत आली.
हिचे पैसे नाही घ्यायचे मी.

मी बिल्ले वाचत गेलो,
बारा आकडे, रक्त पुसून पुन्हा बारा आकडे.
सव्विसाव्या मेंढीपाशी ती खाली बसली.
"राहिलेल्या चार तुम्हीच घाला."
घातल्या.
त्या कोणत्या, ते आता मला सांगता येणार नाही.
नंबर फाईलला आहेत.

घोडी बांधाच्या पलीकडे होती.
सामान उतरवायचं राहून गेलेलं.
बाजेचे चारही पाय आभाळाकडं,
पिठाचा डबा चेपलेला,
खुराड्यात कोंबड्या ओल्या, पण जित्या.
झोळी रिकामी. झोळीतलं लेकरू
सगळा वेळ सगुणाच्या कडेवर होतं,
माझ्या पेनाला हात घालत.

रकाने तीन: दुधाळ, ओढकाम, लहान.
दुधाळ नाही. लहान नाही.
ओढकाम लिहिलं आणि सही घेतली.

चार महिन्यांनी तांबड्या शाईत आक्षेप आला:
सदर घोडी काय ओढत होती?
गाडी अथवा औत असल्यास पुरावा जोडावा.

त्याच आठवड्यात साकोऱ्याहून फोन.
"सव्वीस आणि तुमच्या चार, पोचल्या.
घोडीचं काय झालं?"
बघतो, म्हणालो.
पलीकडे कुत्रं भुंकत होतं. त्या रात्री
दोन कुत्रीही गेली होती, हे तिने तेव्हा सांगितलं.
तेव्हा का नाही बोललात?
"तुमच्याकडं त्यांची जागाच नव्हती ना."

खुलासा तिसऱ्यांदा लिहिलाय.
आधीचे दोन लांबले, साहेबांनी परत केले.
आता दोनच ओळी:
सदर घोडी घर वाहत होती.
सोबत फोटो क्रमांक बासष्ट.

फोटोत उताण्या बाजेवर कोंबडा उभा आहे.
अक्षांश-रेखांश स्पष्ट उमटले आहेत.