पाण्याच्या आधी

प्रकाशाच्या घाटावर पोचलो तेव्हा
दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.
मी वेळ बघितली, सवयीनं.
चोपडा डेपोत एकवीस वर्षं काढली,
गाडी थांबली की हात आधी घड्याळाकडे जातो.

टाळी कोणी वाजवली नाही.
एक बाई लुगडं पिळत होती, ती पिळत राहिली.
फुलवाल्यानं विचारलं, "कथाईन उनात भो?"
"चांगदेव."
"कोनती गाडी?"
"गाडी नही. पाये पाये," हिलाल म्हणाला.
त्यानं आमच्या चपलांकडे बघितलं
आणि नारळ दहा रुपयांनी उतरवला.

तेरा दिवस.
समुद्र काही आमच्या वाट्याला आला नाही,
तेव्हा तस्लीमच म्हणाली होती, मग संगम घेऊ,
पूर्णेपासून गोमाईपर्यंत,
तिथेही पाणी संपून पाणीच सुरू होतं.

केळीच्या बागांतून गेलो,
तिथे भरदुपारीही दिवेलागणीची ओल असते.
दीपनगरची धुराडी दोन दिवस पाठीवर होती
आणि एका वळणावर नाहीशी झाली,
तर हिलाल उगाच मागे वळून बघत राहिला.
भोकरच्या पुढे त्यानं कोणाची तरी मोटर खोलली,
मजुरी मिळाली कळण्याच्या आठ भाकरी.
पाटाचं पाणी सुटलेल्या रानात काळी माती
तळव्याला अशी धरायची
की मुक्कामाला पोचेतो
आम्ही सगळे दोन बोटं उंच झालेलो.
सारंगखेड्याची यात्रा उठून महिना झाला होता,
मैदानात फक्त टापांचे खळगे,
प्रत्येकात थोडं थोडं ऊन.

वेडूची टाच मुडावदला फाटली.
पुढे तो एसटीनं यायचा,
आमच्या आधी पोचून शेवभाजी सांगून ठेवायचा,
आणि आम्ही दिसलो की
पाय पोटाशी घेऊन बसायचा,
चोरी सापडल्यासारखा.

आजही वरच्या पायरीवरच उभा.
"तुम्ही व्हा. मी बसनं आलेला माणूस."
तस्लीम वीस वर्षं हेडमास्तरीण,
तिनं वाद घातला नाही.
उलटी वळली, चढून गेली
रस्त्यावरच्या निंबापर्यंत.
तिच्यामागे हिलाल, मग मी.
तिथून परत उतरलो, चौघं,
वेडूच्या लंगडण्याच्या चालीनं.

तेव्हा दोन दहा ही वेळ खोटी.
वेबिलावर मी दोन पस्तीस लिहीन.

मग बाटली काढली.
चांगदेवला भरलेली, इथे ओतायची होती.
निम्मीच निघाली.
हिलाल आभाळात काहीतरी शोधू लागला.
"पुलावर घसा सुकला होता," म्हणाला.

कोणी बोललं नाही.
तस्लीम बोटांवर काही मोजत होती.
"त्या दिवशी जे पाणी बघितलं,
ते हतनूरला अडलं असेल.
सुटलं तर सुलवाड्याला. पुन्हा सारंगखेड्याला.
दारं बंद आहेत सगळी."
थांबली.
"म्हणजे नदी अजून मागेच आहे."

चांगदेवचं इथवर पोचलं होतं
ते एवढंच, बाटलीतलं निम्मं
आणि हिलालच्या पोटातलं.

सुजलेले आठ पाय
दुसऱ्याच कुठल्या पाण्यात सोडून
आम्ही उगवतीकडे तोंड करून बसलो,
रात्रीच्या गाडीनं येणाऱ्या माणसाची
वाट बघावी तसे.

पाचची जळगाव वर रस्त्यावर लागली,
इंजिन घुरघुरलं, गेली.
वेडू म्हणाला, "शेवटली सातले शे ना?"
मी म्हटलं, शे.