पाण्याचा वार

आमच्या शाळेचं वेळापत्रक महापालिकेच्या हातात.
पाचव्या दिवशी, पहाटे पावणेचारला
नळ आधी नुसता खोकतो.
वेणू डोळे चोळत उठतो, पाईप पिंपात सोडतो
आणि मोजायला लागतो:
एक घागर किती सेकंदांत, पिंप किती घागरींचं,
शेजारच्या कोंडाबाईंनी मोटर लावली
की आमची घागर किती उशिरा.
हे गणित मी शिकवलेलं नाही.
मी पायरीवर बसून होते, ओच्यात झोप घेऊन.

बाकीचे चार दिवस नीट शाळा करतो,
म्हणजे करायचं ठरवतो.
दहाला मराठी, अकराला विज्ञान, वहीत लाल रेघा मारलेल्या.
तेवढ्यात गॅसवाला येतो,
नाहीतर सासूबाईंच्या विड्या कारखान्यात पोचवायच्या असतात.
पंचवीसचा पाढा त्याला तिथेच पाठ झाला,
मांडीवर सूप घेतलेल्या बायकांच्या रांगेत.
मला आनंद झाला.
मग अशोक चौकापर्यंत चालत येताना वाटलं,
विडीच्या रांगेत पाढा यावा म्हणून
काढलं का याला शाळेतून?

काढलं, कारण 'प्रेझेंट' म्हणता यायचं नाही त्याला.
प वर अडायचा. प, प, प,
आणि चाळीस पोरं हसायची,
मॅडम पुढचा नंबर घ्यायच्या.
वर्षाअखेर प्रगतिपुस्तकात चौसष्ट दिवस गैरहजर.
तो रोज गेला होता.
डबा रोज रिकामा आला होता.

नणंदेचा फोन येतो पुण्याहून:
दहावीचं काय? चार पोरांत मिसळणार कसा?
मी सांगत नाही तिला,
की तो आजीशी तेलुगू बोलतो,
भाजीवाल्या गंगव्वाशी कानडी,
पंक्चरवाल्या मुनीरचाचाशी दोन्हींची खिचडी.
तिथेही अडतो.
पण तिथे कुणाला घंटा वाजायची नसते.

यांनी एकदा मागावरून आणली
जकार्डची जुनी पट्टी, भोकं पाडलेली.
भोक असेल तर धागा वर, नसेल तर खाली,
एवढंच सांगून झोपले, रात्रपाळी होती.
संध्याकाळपर्यंत वेणूने चौकटीच्या वहीत काढली
मोराची अर्धी मान.
उरलेल्या पट्ट्या भंगारात गेल्या होत्या.
ती मान अजून तशीच आहे, बिनडोक्याची.

साडेसातला व्हॅन गल्लीत वळते.
तो तोंडात ब्रश धरून खिडकीशी उभा राहतो,
हात करत नाही कुणाला.
परवा म्हणाला, "आई, माझ्या जागी कोण बसतं?"
मी कडक भाकरी मोडत राहिले.
तिचा आवाज बराच होतो, बरं असतं.

आता दाराच्या आतल्या बाजूला
खडूने हजेरी लिहितो तो. दोन नावं.
वेणूगोपाळ चिप्पा. पद्मजा चिप्पा.
काल बघितलं, बुधवारी माझ्यापुढे: गैरहजर.
अरे, मी तर दिवसभर घरात होते.
"होतीस," म्हणाला.
मग आठवलं, दुपारभर फोनवर
तीन शाळांच्या फिया विचारत होते,
हळू आवाजात, गॅलरीत, दार ओढून.

आज त्याने मोठ्याने हजेरी घेतली.
स्वतःचं नाव सरळ गेलं. मग माझं.
प. प. प.
सासूबाईंनी तोंड उघडलं नाव पुरं करायला,
मी त्यांचा हात धरला.
बाहेर उन्हात कुणाचा तरी माग चालू होता, खटाखट,
दोन गल्ल्या पलीकडे.
तो संपेपर्यंत थांबायची तयारी होती माझी.
"हजर," म्हणाले शेवटी. त्याने बरोबरची खूण केली.

त्या तीन शाळांची चिठ्ठी अजून डाळीच्या डब्याखाली आहे.
फाडली नाही.
उद्या पाण्याचा वार.
नळ खोकेल,
मी नेहमीसारखी म्हणेन, आज येत नाही बहुतेक,
आणि तो तोटीला कान लावून म्हणेल,
थांब गं, येतंय.