पान त्रेचाळीस

अ‍ॅबर्डीन, फेब्रुवारी १९७१

आधी डोकं मोजायचं.
नाकाच्या खोबणीपासून मागच्या उंचवट्यापर्यंत फीत,
सदतीस सेंटिमीटर. त्याचा दहावा भाग, मग पाचवा,
केस बाजूला सारून लाल पेन्सिलीची फुली.
"शिंप्याकडे आल्यासारखं वाटतंय," डॉड बकन म्हणाला.
त्याच्या केसांना अजून डिझेलचा वास होता,
माझ्या बोटांना ईथरचा.

सव्वीस वर्षं ट्रॉलरवर.
चार तास पहारा, चार तास फळीवर आडवं,
आणि जाळं वर आलं की तेही नाही.
आता पाय मोडल्यापासून घरी.
"रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, बाई.
इथं काही हलतच नाही ना."

दहा चाळीसला दिवा घालवला.
भिंतीपलीकडे आठ लेखण्या कागदावर टेकल्या.
सेकंदाला एक सेंटिमीटर सरकतो कागद,
पान तीस सेंटिमीटरचं,
म्हणून झोपेचं माप तीस सेकंद.
एवढंच कारण.
माणसाची रात्र किती तुकड्यांत कापायची
ते देवानं नाही, कागदवाल्यानं ठरवलंय.

मिटल्या डोळ्यांची ती बारीक, एकसारखी शिवण,
सेकंदाला दहा टाके,
बेचाळिसाव्या पानापर्यंत नीट चालली.
त्रेचाळिसाव्यावर उसवायला लागली.
बुबुळं संथ वाहिली, या काठाकडून त्या काठाकडे,
नांगर सुटलेल्या होडीसारखी.
मी लिहिलं: जागा.
सकाळी लॉक्लननं तेच पान पाहून लिहिलं: एक.
पट्टी लावली. अर्ध्याहून जास्त की कमी?
चहा गार झाला. आम्ही दोघंही बरोबर होतो,
म्हणजे तक्त्यात रिकामी चौकट
आणि तिथं एक माणूस,
ना अलीकडे ना पलीकडे.

बाकीची रात्र सरळ होती.
चात्या आल्या, अर्ध्या सेकंदाच्या, सूत गुंडाळून गेल्या.
मग मोठ्या लाटा, इतक्या की दोन लेखण्या एकमेकींना अडखळल्या
आणि माझ्या बाहीवर शाई उडाली.
साडेबारापासून हनुवटीची रेघ सपाट,
देह बांधून ठेवलेला,
आणि पापण्यांखाली डोळे सैरावैरा.
नियमाप्रमाणे मी आत गेले, हाक मारली.
"काय दिसत होतं?"
तो बराच वेळ छताकडे बघत राहिला.
"रॉनी दोर सोडत नव्हता," म्हणाला.
कोण रॉनी, ते विचारायची रीत नाही.
मी वेळ लिहिली, शब्द लिहिले, दार ओढून घेतलं.

सहाला तारा काढताना तो म्हणाला,
"बघा, मी सांगितलं होतं. एक क्षण झोपलो नाही."
मी खोक्याकडे बोट दाखवलं:
दोनशे नव्वद मीटर कागद, घडीवर घडी.
"हे सगळं तुम्ही."
तो काठी टेकत आला. मधलंच एक पान उचललं,
पुढचं, मागचं. अंगठ्यानं लाटेची उंची पाहिली,
दोन शिखरांमधलं अंतर, ओठ न हलवता मोजलं.
"इथं वारा पडलाय," तो म्हणाला,
"पण लाटा अजून लांबून येतायत.
वादळ दुसरीकडेच झालंय कुठंतरी."

माझ्याकडे याला आकडा नव्हता.
मी पान परत घडीत ठेवलं.

किंग स्ट्रीटची पहिली बस. खिडक्यांवर बर्फाची साय.
घरी जाड पडदे ओढते, घड्याळ उशीखाली सरकवते,
कूस बदलते.
पुढं काय होतं मला माहीत नाही,
तेव्हा भिंतीपलीकडे कुणी नसतं.
बाहीवरचा डाग निघाला नाही.
त्या आठवड्यात लॉक्लननं त्रेचाळीसचा निर्णय माझ्यावर सोडला.
मी पेन्सिलीनं एक लिहिलं,
खोडलं,
पुन्हा लिहिलं, फिकट.