किती झाले

सर्टिफिकेट लॅमिनेट करणारा म्हणाला, "वीस,"
आणि मशीनकडे वळला.
मी तेव्हाच लक्ष द्यायला हवं होतं.

धनकवडीत, पिठाच्या गिरणीच्या वरची खोली.
खाली चक्की सुरू झाली की आरसा थरथरतो
आणि समोरचीची भुवई
दोऱ्यात जरा जपून धरावी लागते.
भाडं साडेचार हजार. लाइटबिल वेगळं.

तीन रात्री दरपत्रक लिहीत बसले.
वहीच्या मागच्या पानावर
बोहरी आळीतून आणलेला मेणाचा डबा,
त्यात किती हात बसतात, किती पाय,
दोऱ्याचं रीळ, कापूस, पावडर,
पट्ट्या, ज्या धुऊन पुन्हा वापरायच्या नाहीत
असं क्लासच्या मॅडमनी दोनदा बजावलेलं.
सगळं बेरजेत बसलं.
मान बसेना.
तासन्‌तास वाकलेल्या मानेला काय भाव लावायचा
ते अभ्यासक्रमात नव्हतं.

भुवया चाळीस. खोडलं.
भुवया साठ. खोडलं.
मागच्या गल्लीतली तीस घेते,
सातारा रोडची एसीवाली नव्वद.
पन्नास लिहिलं, तेही पेन्सिलीनं.

पहिल्या आल्या खळदकर काकू.
"नीट कर गं, शिरवळला लग्न आहे."
नीटच केल्या. डावी जरा विरळ होती,
तिला उजवीच्या जोडीला आणायला वेळ लागला.
काकूंनी आरशात दोन्ही बाजूंनी पाहिलं,
पर्सची चेन ओढली,
"किती झाले?"

आणि माझ्या तोंडून आईचा आवाज आला:
"द्या काय द्यायचं ते."

आई फॉल-पिको करते. छब्बीस वर्षं.
साडी घडी घालून, पिशवीत सरकवून,
मान खाली घालून हेच वाक्य.
लोक द्यायचे.
कधी निम्मे, कधी पुढच्या वेळी,
एकदा घरच्या झाडाची चार लिंबं.
आई याला माणुसकी म्हणते.
मीही म्हणायचे,
भाड्याची तारीख माझ्या नावावर येईपर्यंत.

काकूंनी तीस दिले,
गालावरून हात फिरवला. "गुणाची आहेस."
गुणाचे वीस वजा झाले.

त्या रात्री चक्की बंद झाल्यावर आरशासमोर उभी राहिले.
"साठ." फार मोठ्यानं.
"साठ, पण तुम्हाला..." पण नको.
"साठ, मी दोरा दर वेळी नवा घेते."
खरं आहे, पण विचारलंय कुणी?
"साठ."
आकड्यापुढे काहीच न बोलणं
अप्पर लिप करताना न हलण्याइतकं अवघड.

रविवारी राजश्री गव्हाणे आली,
कात्रज डेपोची कंडक्टर, ड्युटी संपवून, खाकीतच.
डोळे मिटून खुर्चीत रेलली ती झोपलीच.
दिवसभर आकडे बोलून आलेली बाई:
दहा, वीस, पुढे सरका, वीस.
तिला कुणी म्हणत नाही, आपल्यातलीच आहेस, पाच घे.

उठली. "किती?"
"साठ," मी म्हटलं
आणि ओठ मिटले.
पंख्याचा आवाज. खाली कुणाचं तरी बाजरीचं दळण.
तिनं शंभराची नोट पुढे केली.
माझ्या गल्ल्यात काकूंचे तीस.
"सुट्टे नाहीत का?"
ती एवढी हसली की नुकतीच कोरलेली भुवई वर गेली.
"अगं, हे वाक्य माझं आहे."
मग खिशातून मूठभर नाणी काढून
साठ मोजले, टेबलावर, एकेक करून, सवयीनं.

पन्नास खोडलं. मार्करनं साठ लिहिलं,
शून्य जरा मोठं झालं, राहू दिलं.

संध्याकाळी आई डबा घेऊन वर आली.
पाटी खालपासून वरपर्यंत वाचली, पदरानं घाम पुसला.
"आणि आपल्या माणसांना?"

चक्की सुरू होती, ऐकू आलं नाही असं दाखवलं.
पेन्सिल मात्र
अजून ड्रॉवरमध्येच आहे.