चिकटवलेलं पान

तुझा पहिला पगार मोबाइलमध्ये टिंग करून आला.
मी म्हटलं, दाखव.
तू दाखवलास एक आकडा,
ना वास, ना चुरगळ.

माझ्या नोटा वेगळ्या, लोकेश.
दोंडाईच्याच्या बँकेतला कॅशियर
माझी गड्डी हातात घेतली की आधी शिंकतो,
मग मोजतो.
पूर्वी विचारायचा, "ताई, कांडपाचे ना?"
आता नुसता रुमाल काढतो.

पगाराच्या चौथ्या दिवशी तू फोन घेतलास,
बारा हप्त्यांचा.
रागवायला मला वेळ नव्हता.
फेब्रुवारी संपत आला होता, ओट्यावर
मिरचीच्या पिशव्या नंबर लावून बसलेल्या,
प्रत्येकीवर खडूनं आडनाव.
होळीच्या आसपास सगळं गाव मला ओळखतं.
पोळ्याला कुणी नाही.

रात्री मशीन थांबवलं, हातांना तेल चोळलं,
मिरचीची आग पाण्यानं जात नाही हे तुला ठाऊक आहे,
आणि वही काढली.
बारा महिने, बारा पानं.
मार्चच्या पानावरचं उचलून
ऑगस्टच्या पानावर ठेवायचं,
एवढीच माझी विद्या.
"हे बघ, जुलै. इथं मशीनवर गोणपाट असतं,
आणि आपण राजधर सरांची
मार्चमधली सात किलो खात असतो."
तू हसलास.

मग मी म्हटलं, सिलिंडर तुझा,
वर घरात दोन हजार.
उरेल ते तुझं, मी विचारणार नाही.
"भाडं ली ऱ्हायनी का माय?"
"भाडं नही रे. तुन्हं नाव लिखी ऱ्हायनू वहीमा."

तू पानं मागं उलटत गेलास,
मोटारीचं रिवायंडिंग, तुझी सायकल, आजीचा चष्मा,
आणि थांबलास.
"हाई पान कसाले चिकटाडेल शे?"

मैद्याची खळ. मीच शिजवली होती.
तू तेव्हा चौथीत.
माझ्या मामेबहिणीचा दीर आला होता,
इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र.
नव्वद हजार, अठरा महिन्यांत दुप्पट.
मला दुसरं मशीन घ्यायचं होतं, हळदीचं.
पावती प्लॅस्टिकमध्ये घालून
देवामागं ठेवली मी, तिलाही हळदीकुंकू वाहायचे.
सतराव्या महिन्यात गेले धुळ्याला
तर त्या गाळ्यावर बोर्ड, झेरॉक्स लॅमिनेशन.
आत शिरले. मुलगा म्हणाला, काय पाहिजे?
काही सुचेना,
पिशवीत रेशनकार्ड होतं,
त्याची झेरॉक्स काढून परत आले.
दोन रुपये.
तेही लिहिलेत बघ खाली.

तुझ्या पप्पांना अजून वाटतं
ते पैसे मोटारीत गेले.
आणि तुला शिकवायला बसताना
हे एवढं पान सोडून
बाकी सगळं वाचून दाखवायचं,
असं ठरवलं होतं मी.

तू काही बोलला नाहीस.
उठून चहाचं आधण ठेवलंस,
वाफेवर वही धरलीस, हळूहळू,
लहानपणी पाकिटावरची तिकिटं सोडवायचास तशी.
अर्धं सुटलं, अर्धं फाटलं.
नव्वद हजारातला नऊ एका पानाला राहिला,
शून्यं दुसऱ्याला.

मी चहात साखर किती घातली, आठवत नाही.
तू पेन मागितलंस.
त्याच फाटक्या पानाखाली, तुझ्या त्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात,
"फोन. एकोणीसशे पन्नास गुणिले बारा."
फोन समोर पडलेला, तरी बोटांवर मोजत होतास.
तेवीस हजार चारशे.
दुकानात पाटी होती एकवीस हजारांची.
"वरना चोवीसशे कसाना माय?"

मी तोंड उघडलं होतं सांगायला,
तेवढ्यात तू शिंकलास,
एक, दोन, तीन,
इतक्या वर्षांची तिखट बोटं त्या वहीवरून फिरलेली.
डोळ्यांत पाणी, हातात पेन.
नाक मग पूस, म्हटलं,
आधी तो आकडा मांड.