पक्का रंग

धाकट्या विजयालक्ष्मीने अकलूजहून आणलेली बाटली
तीन आठवडे ज्वारीच्या कोठीमागे,
देवाला दिसणार नाही अशी.

आज नीलमनगरातले माग बंद.
इतकी शांतता की रश्श्याची रटरट ऐकू येते.
हे स्क्रू पिळून पकडीने बूच ओढतात,
अर्धं आत पडतं.
मी चहाच्या गाळणीतून गाळते
स्टीलच्या दोन पेल्यांत.

‘स्टीलमध्ये रंग कळत नाही.’
चाळीस वर्षं रंगखात्यात काढलेला माणूस!
लोणच्याची बरणी विसळून आणावी लागते.

ट्यूबलाइटसमोर धरून बघत बसतात,
ताट निवतंय तरी.
‘नुसता लाल नाही हा, लालात शाई उतरलीय.
सोलापूरच्या जड पाण्यात
असा घाणा एकदाच साधला होता मला,
एकोणऐंशी साली. नंतर नाही.’

काळ्या मसाल्याचं मटण,
त्यात चुरलेली कडक भाकरी, कडेला शेंगाचटणी.
पहिला घोट तुरट,
कच्च्या जांभळासारखी जीभ आखडते.
तिखटावर घेतलेला दुसरा
कुठूनतरी गोड होऊन येतो.
जन्मभर विड्या वळलेलं माझं नाक,
त्याला यातही तंबाखू सापडते.

हे हसतात, आणि हसताना सांडतात
पांढऱ्या पंचावर.
तसेच उष्ट्या हाताने उठून
नळाखाली धरतात, साबण लावतात, चोळतात,
उजेडात नेऊन बघतात.

‘गेला का?’

‘फिकटला.
पण जायचा नाही,’ म्हणतात
आणि बरणी माझ्याकडे सरकवतात.