पावती नसलेली नोंद

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
बावीस वर्षं मी दुसऱ्यांची बिलं अडवली.
हमाली जास्त लावलीय, तोलाई दोनदा धरलीय,
वाराईची चिठ्ठी कुठाय, म्हणत
भल्याभल्यांना गाळ्याबाहेर उभं ठेवलं.

आणि डोक्यात जे येई ते मात्र
न वाचता, सही करून पास.

फेब्रुवारीत आंघोळही जड झाली.
फोन वाजला की पोटात गोणी पडायची.
शलाका उशाशी चहा ठेवून जायची,
सायीचा कागद व्हायचा त्यावर.

कोपरखैरण्यात, दाताच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर
ताम्हाणे मॅडमनी एक वही पुढे सरकवली.
मला वाटलं, आता आईबद्दल विचारतील, लहानपण काढतील.
त्या म्हणाल्या, रकाने आखा.
रकाने! हसू आलं.
खूप दिवसांनी, आणि भलत्या जागी.

काय घडलं: शेठनी नमस्काराला मान हलवली नाही.
मनात काय आलं: मला काढणार. मी कुचकामी.
किती टक्के खरं वाटतं: नव्वद.
पुरावा?
पेन तिथेच थांबलं.
"याची पावती दाखवा," बाई म्हणाल्या,
माझ्याच आवाजात, माझ्याच खडूसपणाने.

पावती नव्हती.
शेठच्या कानाला फोन होता,
लासलगावची गाडी कसारा घाटात बंद पडली होती.
हे मीच ऐकलं होतं. लिहिलं नव्हतं फक्त.

एवढ्याने कोणी बरं होत नाही.
गृहपाठ असे. सकाळी अकरा मिनिटं चालायचं,
मन लागो न लागो;
मन येईल मागून, लंगडत, असं त्या म्हणत.
धारण तलावापर्यंत जायचो.
तिथल्या झडपा बघत राहायचो,
भरतीला आपसूक मिटणाऱ्या, ओहोटीला उघडणाऱ्या,
खाडीशी न भांडणाऱ्या.
(चौथ्या दिवशी गेलो नाही. पाचव्याही.
तेही लिहा, म्हणाल्या. लिहिलं.)

मग फोन. तिसऱ्या रिंगला उचलायचाच.
पहिला गॅसवाल्याचा निघाला.
दुसरा खरंच वाईट होता:
एका बिलात सतराशेची चूक, माझीच.
वहीत मांडलं, चूक झाली. पुरावा आहे.
पुढची ओळ, "म्हणून मी कुचकामी",
हिच्यामागे मात्र कागद नव्हता.
तांबड्या पेनाने गोल केला.

आज पस्तिसावं पान.
पहाटे तीनला ते वाक्य पुन्हा आलं,
जुन्या दलालासारखं, पान चघळत, उधारी मागत.
हाकललं नाही. स्टुलावर बसवलं.
कागद काढ, म्हटलं.

टक्के: चाळीस.
खाली नेहमीच्या अक्षरात
बाकी पुढे ओढली.

शलाका जागीच होती.
म्हणाली, लाईट घालव आता.